राखाडी वधूचे दोनशे प्रेक्षक

आमच्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी गणपतीत निघते. तिच्यात 'आपले मानकरी' नावाचं एक पान असतं. त्या पानावर आजवर नऊ डॉक्टर आणि चौदा इंजिनिअर येऊन गेले. त्यांतले एक गृहस्थ तर दोनदा आले, कारण मधल्या काळात त्यांनी मोठं घर घेतलं होतं. वसुधाताई देवस्थळींचं नाव मी दोन वर्षं सुचवलं. दोन्ही वेळा कमिटीने मला विचारलं, "पण त्या करतात काय?" याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून हे लिहायला बसले. मी मूळची नागपूरची. आमच्याकडे राग आवरता घ्यायची पद्धत नाही, तेव्हा जरा लांबलं तर लांबू द्या.

वसुधाताई आमच्याच ट्रॉय गावात, डेट्रॉइटच्या शेजारी, राहतात. त्यांचे यजमान पुरुषोत्तम देवस्थळी मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर, म्हणजे त्यांचा नंबर त्या पानावर कधीच लागून गेला. वसुधाताई कौंटीच्या लायब्ररीत काम करायच्या, तेही तळघरात. व्हिडिओ तेव्हा नुकता कुठे घराघरांत शिरत होता. शाळा, चर्च, वृद्धाश्रम लायब्ररीतून सिनेमाची रिळं घेऊन जायचे आणि आठवड्याभराने परत आणायचे. परत आलेलं प्रत्येक रीळ वसुधाताईंच्या टेबलावर यायचं.

टेबलाच्या दोन टोकांना दोन चाकं होती. डाव्या चाकावरून फिल्म सुटायची, उजव्यावर गुंडाळली जायची, आणि मधे वसुधाताईंची दोन बोटं, पांढऱ्या सुती हातमोज्यातली. डोळे मिटलेले. कडेचं एखादं भोक फाटलेलं असलं, कुठे चीर गेलेली असली, जुना सांधा सुटत आलेला असला, की बोटं आपोआप थांबायची. मग डोळे उघडून त्या तेवढाच तुकडा कापायच्या आणि नवा सांधा घालायच्या. पडद्यावर तो सांधा कुणाला दिसायचा नाही. लायब्ररीने पुढे फिल्म तपासायचं एक महागडं मशीन आणलं. पहिल्याच दिवशी तीन हजार फुटांची एक फिल्म आधी वसुधाताईंनी तपासली आणि मग मशीनने. त्यांनी तीन दोष काढले, मशीनने दोन. तिसरा मशीनला दुसऱ्या खेपेला सापडला. हे मला मशीन बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नसतं.

आता त्यांच्या वेडाबद्दल. वसुधाताईंना जुन्या जर्मन रहस्यपटांचं वेड होतं. साठ सालच्या आसपास जर्मनीत असे सिनेमे ढिगाने निघत. सगळे काळे-पांढरे. गोष्ट घडायची लंडनमध्ये, बोलायचे सगळे जर्मन. धुकं तर इतकं की दिग्दर्शकाने ते पिंपातून सोडलं असावं. एखादा वाडा, त्याखाली भुयार, एक मृत्युपत्र, आणि बुरखा घेतलेला खुनी, जो माणूस आहे की भूत हे शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत कळायचं नाही. मधूनमधून एक वेंधळा नोकर हसवायला. शेवटी इन्स्पेक्टर वारसदार मुलीशी लग्न करायचा, कारण गोड शेवट जर्मन लोकांनाही लागतो.

हे वेड त्यांना लागलं हॅम्बुर्गला. लग्नानंतर देवस्थळींना तिथल्या कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळालं होतं. बासष्ट-त्रेसष्टचा तो हिवाळा फार वाईट होता, गावातला तलावसुद्धा गोठला होता. यांची खोली थंडगार, आणि कोपऱ्यावरचं थेटर मात्र ऊबदार. दुपारच्या खेळाला तिकीट स्वस्त असायचं. वसुधाताई शेगडीजवळ बसावं तशा त्या थेटरात जाऊन बसायच्या आणि पडद्यावरून जर्मन शिकायच्या. त्यामुळे त्यांना बाजारात अर्धा किलो बटाटे मागता यायचे नाहीत, पण "मृत्युपत्र कुठे लपवलंस ते बोल" हे त्या अस्खलित बोलायच्या. पडद्यावर टेम्स म्हणून जी नदी दाखवायचे ती हॅम्बुर्गचीच आहे, हेही त्यांनी ओळखलं होतं, कारण त्याच पुलावरून त्या कोबी आणायला जायच्या.

त्यातला एक सिनेमा त्यांनी सात वेळा पाहिला. त्याचं नाव 'राखाडी वधू'. पुढे देवस्थळी अमेरिकेत आले, वसुधाताई लायब्ररीत लागल्या, आणि एके दिवशी डेट्रॉइटमधला जर्मन लोकांचा एक जुना क्लब बंद पडला. क्लबने आपल्या फिल्म लायब्ररीला देऊन टाकल्या. त्यांच्या टेबलावर तीन डबे येऊन पडले. वरचा उघडला तर आत 'राखाडी वधू'. मी त्यांना विचारलं होतं, तेव्हा काय वाटलं. त्या म्हणाल्या, "माहेरचं माणूस दारात उभं राहिल्यासारखं वाटलं." ती फिल्म पार चिंध्या झालेली होती. चार महिने रोज दुपारची जेवणाची सुट्टी घालवून त्यांनी ती सांधली. सगळे मिळून एकशे बारा सांधे.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात लायब्ररीची नवी मुख्य आली, बार्बरा विल्कॉक्स. बाई कडक, पण सरळ. तिला व्हिडिओसाठी जागा हवी होती. तिने नियम केला, की लायब्ररीत आल्यापासून ज्या फिल्मला दोनशे प्रेक्षकही मिळाले नाहीत, ती तीस सप्टेंबरनंतर कचऱ्यात जाईल. विकता किंवा कुणाला देता येत नव्हती, हक्कांची भानगड होती. प्रत्येक डब्याच्या झाकणात एक कार्ड असायचं, त्यावर तारीख, जागा आणि किती जणांनी पाहिली तो आकडा. 'राखाडी वधू'च्या कार्डावर गणपती येईपर्यंत एकूण आकडा होता अकरा. कोण बघणार? बोलणं जर्मन, खाली इंग्रजी अक्षरं नाहीत.

त्या उन्हाळ्यात वसुधाताई दर शनिवार-रविवारी ते तीन डबे गाडीत घालून हिंडायच्या. कुणी शेजारी बघायला येतो का, कुणाचा पाहुणा येतो का. अकरांतले पाच त्यांनी असे गोळा केले होते. मग त्यांना मंडळाची आठवण झाली. गणपतीत आमच्याकडे सव्वादोनशे माणूस जमतं, दुपारी एक सिनेमा असतो, आणि तो दाखवायला प्रोजेक्टरचं मशीन लायब्ररीतून वसुधाताईच आणायच्या. त्यांनी कमिटीपुढे विषय काढला. सेक्रेटरी होता नरेंद्र. तो हसून म्हणाला, "ताई, गणपतीत खुनाचा पिक्चर? आणि तोसुद्धा जर्मन? लोक मला रिझाइन करायला लावतील."

"मी सोबत मराठीत सांगीन," वसुधाताई म्हणाल्या.

"नको हो. मी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून मस्त फॅमिली पिक्चर आणतोय. ऑलरेडी बुक केलाय."

यजमान बाजूलाच बसले होते. तेही हसले. घरी गेल्यावर म्हणाले, "अगं, कशाला लोकांपुढे हसं करून घेतेस?" हे वाक्य वसुधाताईंनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

नरेंद्र पाच तास गाडी हाकत शिकागोला गेला आणि तिथल्या एका दुकानातून डबे घेऊन आला. आता खरी गंमत ऐका. वसुधाताई म्हणाल्या, डबे आधी माझ्याकडे दे, मी फिल्म तपासून ठेवते. त्यांचं ते कामच. पण नरेंद्रच्या घरी मंडळाचा गणपती बसला होता. त्याने डबे सरळ मूर्तीपुढे ठेवले, वर हळद-कुंकू वाहिलं, नाडा बांधला आणि सांगितलं, की आता हे कार्यक्रमाच्या दिवशी आरती झाल्यावरच उघडायचे. "ताई, सिनेमा बघायचा असतो, तपासायचा नसतो," असंही वर म्हणाला. कारखान्यात हाच नरेंद्र एकेक स्क्रू तपासल्याशिवाय गाडी बाहेर पडू देत नाही.

आठ सप्टेंबर, शनिवार. शाळेचा मोठा हॉल घेतला होता. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला किचन, आणि किचनच्या भिंतीत हॉलकडे उघडणारी वाढायची खिडकी, तिला वरून खाली ओढायचं लोखंडी शटर. दोन वाजता हॉलमध्ये आणलेल्या गणपतीची आरती झाली. नाडा सोडला, डबा उघडला, आणि पहिल्या तीन रांगांनी नाकाला रुमाल लावले. व्हिनेगरचा वास सुटला होता, फिल्म सडली की येतो तसा. आतली फिल्म आक्रसली होती, तिचे वेढे वळून एकमेकांना चिकटले होते. वसुधाताईंनी एकच बोट लावलं आणि म्हणाल्या, "ही मेली आहे. निदान वर्षभरापूर्वी."

अ‍ॅन आर्बरहून, टोलीडोहून लोक आलेले. नरेंद्रचा चेहरा बघवत नव्हता. तो म्हणाला, "भजन म्हणू या का?" पोरांनी एकदम "नोऽऽ" केलं. तेव्हा वसुधाताई त्याला म्हणाल्या, "माझ्या गाडीच्या डिकीत तीन डबे आहेत. तपासलेले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. नरेंद्रकडे दुसरा इलाजच नव्हता. भजनाचा माइक वसुधाताईंच्या हातात आला. पण मग मशीन कोण चालवणार? त्यांनी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला ते येत नाही."

"इंजिनिअर ना तुम्ही?" असं माइकवरून विचारलं गेलं. हॉल हसला आणि देवस्थळी मुकाट्याने मशीनपाशी जाऊन बसले.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. कारण त्याच वेळी अंधार करायला किचनचं शटर खाली ओढलं गेलं, आणि मी शटरच्या आत होते.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या मंडळात जेवण सिनेमानंतर लगेच असतं आणि पुऱ्या गरमच लागतात. सव्वादोनशे माणसांच्या पुऱ्या म्हणजे सिनेमा सुरू झाला की कणीक तिंबायला घ्यायची आणि संपेपर्यंत तळत राहायचं. हे काम आम्ही सतरा जणी करतो. का आम्हीच, असं कुणी कधी विचारलं नाही, आम्हीसुद्धा नाही. बारा वर्षांत मंडळाने एकोणीस सिनेमे दाखवले. आम्ही सतरा जणींनी त्यांतला एकही पाहिलेला नाही. सुमित्राबाई आमच्या म्होरक्या, वय सत्तरीला आलेलं. त्यांनी तर त्या हॉलचं स्टेज कधी उजेडातही धड पाहिलं नव्हतं.

तर त्या दुपारी आतून आम्हाला एवढंच कळलं, की बाहेर काहीतरी चाललंय. वरचा पंखा घरघरत होता, तेल कडकडत होतं, त्यामुळे शब्द कळेना. आधी खोकणं, खुर्च्यांची कुरकुर. मग हळूहळू सगळं शांत. मग एकदम एवढा मोठा हशा, की माझ्या हातातला झारा थांबला. मग किंकाळी. ती वसुधाताईंची होती, आणि पाठोपाठ शे-दीडशे जणांची.

"काय गं बाई चाललंय?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"खून," मी म्हटलं.

"मग तेवढी गॅसची आच कमी कर."

बाहेर काय झालं ते मला नंतर दहा जणांनी दहा वेळा सांगितलं. वसुधाताई स्टेजच्या कडेला उभ्या राहिल्या, जर्मन आवाज अगदी बारीक ठेवला, आणि दीड तास सगळी पात्रं एकटीने बोलल्या. समोर कागद नाही, काही नाही. वकील सदाशिव पेठी बोलायचा. वेंधळा नोकर कोकणी हेल काढायचा. पांढऱ्या केसांचे देशपांडे, जे मंडळात कुणाचंच ऐकत नाहीत, तेसुद्धा पुढे सरकून बसले. मराठी कळत नसलेली पोरं आयांना विचारत होती, "इज शी अ घोस्ट?" आणि आया म्हणत होत्या, "गप, ऐकू दे."

शेवटी बुरखा निघाला, खुनी कळला, आणि हॉलमध्ये असा आवाज झाला की किचनमध्ये आमची पुरी कढईतच राहिली. दिवे लागले. वसुधाताईंनी माइकवर सांगितलं, "कुणी उठायचं नाही." मग त्या रांगेरांगेतून फिरल्या आणि माणसं मोजली. मधल्या वेळात टोलीडोची मंडळी लांबचा रस्ता म्हणून गेली होती, काही जण पोरांना घेऊन बाहेर खेळवत होते. शेवटपर्यंत पाहिलेले भरले एकशे शहात्तर.

मग त्या म्हणाल्या, "हॅम्बुर्गच्या थेटरात दारावर पाटी असायची, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. गणपतीकडे हात करा आणि तशी शपथ घ्या." एकशे शहात्तर हात वर झाले. त्यांतला एक नरेंद्रचा होता.

त्या दिवशी पुऱ्या वाढताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. वसुधाताईंचा उल्लेख करताना आजवर 'देवस्थळींची मिसेस' म्हणणारे लोक ताटं हातात घेऊन त्यांच्याभोवती गर्दी करून उभे होते. मला वाटलं, झालं, फिल्म वाचली. आकड्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

परतताना गाडीत मी आमच्या ह्यांना, शैलेंद्रना, विचारलं, "खुनी कोण होता?"

"शपथ घेतलीये."

"मी बायको आहे तुमची."

"म्हणून काय झालं? गणपतीची शपथ आहे यार." मागच्या सीटवरून आमची दहा वर्षांची विनीता म्हणाली, "आई, आय कान्ट. आय प्रॉमिस्ड गणपती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत मला सहा फोन आले. सतराच्या सतरा घरांत हेच. एरवी ज्या नवऱ्यांच्या पोटात कंपनीचं गुपितही राहत नाही, त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं, वर मिशीत हसत होते. माझा जीव नुसता खालीवर व्हायला लागला. शेवटी मी वसुधाताईंनाच फोन लावला.

त्यांचा आवाज उतरलेला होता. म्हणाल्या, "शोभा, एकशे सत्याऐंशी झाले. अकरा आणि एकशे शहात्तर. तेरा कमी पडले."

"मग दोनशे लिहा," मी म्हटलं. "कोण मोजायला येतंय? सव्वादोनशे लोक तर आले होते."

"आले होते. पाहिला नाही त्यांनी."

"वसुधाताई, तेरा माणसांपायी ती फिल्म कचऱ्यात घालणार का?" मी चांगलीच चिडले होते. वसुधाताई मूळच्या पुण्याच्या, आणि हा असला ताठा मला पुण्याच्या लोकांत नेहमी दिसतो, आणि नेहमी माझं डोकं फिरवतो.

त्या म्हणाल्या, "त्या तळघरात मी नऊ वर्षं काम केलं. तिथे माझ्या नावावर काहीच नाही, फक्त ती कार्डं आहेत. त्यांच्यावर एक आकडा जरी खोटा पडला, तर मग मी नऊ वर्षं काय केलं?"

माझा राग तिथेच विरला. मग मला एकदम सुचलं. "आम्हाला धरा की. किचनमधल्या सतरा जणी."

"तुम्ही पाहिला का?"

"ऐकला. तोही किंकाळ्या तेवढ्या."

"मग नाही धरता येणार."

"मग आम्हाला दाखवा," मी म्हटलं.

 मग त्या म्हणाल्या, "याल तुम्ही?"

येणार नाही तर काय. खुनी कोण ते कळल्याशिवाय आम्हाला झोप लागणार नव्हती. बावीस तारखेच्या शनिवारी दुपारी, एक वाजता, सतरा जणी चार गाड्यांत बसून लायब्ररीत गेलो. सतरा घरांत एकच प्रश्न विचारला गेला होता, "मग आमच्या जेवणाचं काय?" आणि सतरा घरांत उत्तर गेलं होतं, की फ्रीज उघडून बघा. मी सगळ्यांना बजावलं होतं, की कुणीही डबा आणायचा नाही. तरी वीणाने चिवडा आणलाच.

तळघरातल्या त्या खोलीत घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मशीनपाशी देवस्थळी होते, यावेळी न सांगता आलेले. विल्कॉक्सबाई दाराशी येऊन उभी राहिली, आम्हाला एकदा पाहून वर गेली. दिवा गेला, वसुधाताई पडद्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि धुकं आलं.

मी रहस्यपटातलं जाणकार माणूस नाही. पण त्या बाईने काय केलं ते मी आता डोळ्यांनी पाहिलं आहे. पडद्यावर ओठ हलायला लागायच्या क्षणी त्यांचा शब्द सुरू व्हायचा आणि ओठ मिटताना संपायचा. एका म्हाताऱ्या लॉर्डचा वाडा. लॉर्ड मेलेला. वारस तीन पुतणे आणि एक भाची. धुक्याच्या रात्री विहिरीतून राखाडी रंगाची, तोंडावर जाळी घेतलेली वधू निघते आणि एकेका पुतण्याचा गळा आवळते. मग इन्स्पेक्टर आला, टोपी काढली आणि खास नागपुरी बोलला, "काय बाप्पा, घरात मुडदा पडला अन् तुम्ही सूप पिऊन राह्यले?" मी इतकी हसले की खुर्ची मिटायला निघाली. मला नंतर कळलं, की हॉलमध्ये त्या मोठ्या हशाचं कारण हेच होतं, आणि तो आवाज माझाच उचललेला होता.

पहिला पुतण्या गेला, दुसरा गेला. भुयारात दिवा विझला तेव्हा मी वीणाचा हात धरला आणि तिने सुमित्राबाईंचा. तिसरं रीळ लागलं. इन्स्पेक्टरने वधूला विहिरीच्या काठावर गाठलं. तिच्या तोंडावरची जाळी ओढली.

खाली होती वाड्यातली स्वयंपाकीण. मार्था. तीस वर्षं त्या घरात रांधणारी.

हॉलमध्ये याच जागी माणसं ओरडली होती. इथे कुणी हूं की चूं केलं नाही. फिल्म संपली, दिवा लागला, तरी सगळ्या बसूनच होत्या. मग सुमित्राबाई म्हणाल्या, "मला मघाशीच कळलं होतं."

"कधी?" वसुधाताईंनी विचारलं.

"पहिल्या जेवणाला. टेबलावर सगळे जेवतायत, ही भिंतीला टेकून उभी. कुणी हिला बस म्हणत नाही."

"मलापण तेव्हाच," वीणा म्हणाली. "ते सूप गार आहे म्हणून परत पाठवलं ना, तेव्हा तिने वाडगा उचलला ती रीत बघितली मी." मग एकेक जण बोलायला लागली. मीही सांगितलं. सतरा जणींपैकी एकही अशी निघाली नाही जिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

मी विचारलं, "आणि हॉलमध्ये किती जणांना कळलं होतं?"

"शपथेआधी मी तेच विचारून हात वर करायला सांगितलं होतं," वसुधाताई म्हणाल्या. "एकालाही नाही. बायका होत्या, त्यांनाही नाही. इंजिनिअर होते ऐंशी." मग त्या म्हणाल्या, "हॅम्बुर्गला मला पहिल्याच वेळी कळलं. वाटलं, आपल्याला चुकून कळलं असेल. पुढचे सहा खेळ मी लोकांकडे बघत होते, कुणाला कळतंय का. कुणालाच नाही. मी तेव्हा घरमालकिणीच्या खाणावळीत संध्याकाळी वाढायला असायचे. नऊ माणसं जेवायची. त्यांत हेही होते."

हे त्यांनी कुणावर राग धरून सांगितलं नाही. पण मशीनचा पंखा बंद झाला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. देवस्थळींनी स्वतःची खुर्ची उचलली, आमच्यामधून वाट काढत पुढे आणली आणि पडद्यापाशी ठेवली. दीड तास त्या उभ्याच होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. ते म्हणाले, "बस आता."

त्या बसल्या. डब्याच्या झाकणातलं कार्ड काढून मांडीवर घेतलं, आम्हाला एकदा नीट मोजलं, आणि अक्षर वळणदार काढत आकडा लिहिला. एकूण दोनशे चार. सोमवारी विल्कॉक्सबाईने तो पाहिला आणि डबे कपाटात परत ठेवायला सांगितले. पाच वर्षं झाली, ते अजून तिथेच आहेत. कार्डावरची शेवटची ओळ बावीस सप्टेंबरची आहे. तारखेपुढे लिहिलंय सतरा, आणि त्या सतरांत मी एक आहे.